खानदेशच्या उन्हातील हरितगृह

घराच्या गच्चीवर अथवा परसात आठ-दहा फुटांची एक चौकट उभारावी, तीवर हिरवी जाळी किंवा प्लास्टिकचा कागद ताणावा, आत मांडणीवर चाळीस-पन्नास कुंड्या ठेवाव्या आणि या सर्वांस 'हरितगृह' असे भारदस्त नाव द्यावे, हा छंद जळगाव व धुळे येथील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे दृष्टीस पडू लागला आहे. छंद निर्मळ आहे. त्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचे नाही. परंतु कोणताही छंद निघाला की त्याच्या पाठोपाठ उपदेशक निघतात, आणि या छंदाच्या नशिबी जे उपदेशक आले आहेत त्यांच्याविरुद्ध मात्र आम्हांस पुष्कळच लिहावयाचे आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथमच हाती खुरपे धरणारा एखादा वकील, शिक्षक किंवा बँकेतला अधिकारी पहिल्या हिवाळ्यात हर्षाने फुलून जातो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती चौकट भंगारवाल्यास देऊन टाकतो. याचा दोष आम्ही त्या गृहस्थास देत नाही, खानदेशच्या उन्हासही देत नाही. तो दोष त्यास मिळालेल्या सल्ल्याचा आहे.

या सल्लागारांतील पहिल्या पंथास आम्ही काचघरी पंथ म्हणतो. हरितगृह म्हणजे आपल्या हवेत जे येत नाही ते हट्टाने आणण्याचे यंत्र, अशी या मंडळींची समजूत आहे. नवशिक्याने त्यांच्याकडे जावे, तो त्याच्यापुढे परदेशी चित्रांचा ढीग पडतो : बाहेर बर्फ साचले आहे, आत काचेखाली टोमॅटो लाल झाले आहेत आणि एक वृद्ध जोडपे वेताच्या खुर्च्यांवर बसून चहा घेत आहे. चित्र मोहक आहे यात संशय नाही. भुसावळास मे महिन्यात दुपारी दोन वाजता काचेखाली बसून कोणी तसा चहा घेऊन पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.

काचघर हे थंडीचे अपत्य होय. युरोपातील श्रीमंतांस संत्र्याची झाडे हिवाळ्यात जगवावयाची होती, त्या गरजेतून ते वाढीस लागले. पुढे इंग्लंडात लोखंड व काच मुबलक झाली तेव्हा त्याचा विस्तार झाला. डेव्हनशरच्या ड्यूकचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्स्वर्थ येथे प्रचंड काचघरे बांधली आणि त्या अनुभवाच्या बळावर १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा स्फटिकमहाल रचला, ही हकीकत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. त्याच पॅक्स्टनने १८३० नंतरच्या काही वर्षांत धन्याच्या काचघरात एक केळ वाढवून ती फळास आणली आणि तिच्या जातीस धन्याच्या कुळाचे कॅव्हेंडिश हे नाव मिळाले, ही हकीकत मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. खानदेशातील माणसाने ती अवश्य ध्यानात ठेवावी. कारण रावेर-यावल भागात आज जिकडे तिकडे उभी असलेली ग्रँड नैन केळ आणि आमच्या लहानपणी जिचे राज्य होते ती बसराई, या दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गोतातल्या आहेत. जे करण्यास एका ड्यूकला काच, लोखंड आणि कोळशाच्या भट्ट्या लागल्या, ते तापीकाठचा शेतकरी उघड्या आभाळाखाली करतो. आणि त्याची चिंता उष्णता कशी कोंडावी ही नसून उष्ण वारा कसा अडवावा ही असते. म्हणूनच बागेच्या कडेने तो शेवरीची किंवा गजराज गवताची भिंत उभी करतो. अशा मुलखात राहणाऱ्या सुशिक्षिताने ड्यूकची गरज आपली म्हणून उसनी घ्यावी, याहून विपरीत ते काय असावे?

यात थोडे पदार्थविज्ञानही आहे. काचघर का तापते याविषयी जो लोकप्रिय खुलासा दिला जातो, की काच सूर्याची किरणे आत घेते व उष्णतेची किरणे बाहेर सोडीत नाही, तो अर्धाच आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन लहान पेट्या घेतल्या. एकीस काचेचे झाकण केले आणि दुसरीस खनिज मिठाच्या पातळ फरशीचे, जी उष्णतेची किरणे अडवीत नाही. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तात्पर्य, काचघर तापते ते मुख्यतः आतली तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. ज्या गावी वैशाखात पारा ४४-४५ अंशांस सहज टेकतो, तेथे चारी बाजूंनी कागद ताणून हवा कोंडणे याचा अर्थ काय होतो, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. रोपे त्यात वाढत नाहीत, शिजतात.

बेकनचा उद्यानांवरील निबंध आमच्या महाविद्यालयीन पिढीने आदराने वाचला. बारा महिन्यांत कोणकोणती झाडे बागेस शोभा देतील, याची लांबलचक यादी त्यात आहे. पण ती देऊन झाल्यावर हा सारा तपशील लंडनच्या हवेपुरता आहे, असे तो स्वच्छ सांगतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रजास जे भान होते, ते आमच्या काचघरी बंधूंस अद्याप आलेले नाही.

आमच्याकडे हरितगृह नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. होते, आणि त्यास पानमळा म्हणत, आजही म्हणतात. नागवेलीस कडक ऊन सोसत नाही, कोरडा वाराही सोसत नाही. म्हणून शेवरी, हादगा, पांगारा अशी झपाट्याने वाढणारी झाडे दाट ओळींनी लावून त्यांच्या खोडांवर वेल चढवावयाचे, वर त्याच झाडांच्या पानांची विरळ सावली ठेवावयाची, भोवती ताट्या बांधून वारा अडवावयाचा आणि पाटाच्या पाण्याने आत गारवा राखावयाचा, अशी ती रचना. अनेक ठिकाणी पानमळ्यात पायताण बाहेर काढून जावयाची चाल आहे. आत पाऊल टाकताच बाहेरच्या आणि आतल्या हवेतील जे अंतर अंगास जाणवते, ते पाहिले की यंत्रावाचून हवा बदलण्याची ही विद्या किती पक्की होती हे कळते. जिवंत खांब, जिवंत छप्पर, आणि तेही असे की पावसाळ्यात दाट झाले तर छाटून विरळ करता येते. आमच्या मते खानदेशातील घरगुती हरितगृहाचा आदर्श चॅट्स्वर्थ नसून पानमळा हा आहे. त्यात ऊब नव्हे, सावली साठवावयाची. निम्मे ऊन अडविणारी साधी जाळी डोक्यावर चांगली उंच असावी, पश्चिमेकडून दुपारचे ऊन अडवावे, बाकीच्या बाजू वाऱ्यास मोकळ्या असाव्या. धुळ्याकडे पौषातील काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो; तेवढ्या रात्रींपुरता प्लास्टिकचा कागद कामास येईल. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तो घडी करून माळ्यावर ठेवावा.

आता दुसरा पंथ. यास आम्ही जमाखर्ची पंथ म्हणतो. या पंथाचा गृहस्थ गच्चीवर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, यातून निघते काय?" मग तो चौकटीची किंमत, जाळीची किंमत, कोकोपीट व शेणखताची पोती, बियाण्याची पाकिटे, नळीचे वेटोळे असा हिशेब मांडतो, एका वांग्यास किती रुपये पडले हे बोटे मोडून सांगतो आणि विजयी मुद्रेने जिना उतरतो. त्याचा हिशेब बरोबर असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोद, जळगावानजीकचे आसोदे या बाजूंची ती हिरवट, बोजड, कमी बियांची वांगी हिवाळ्यात बाजारात ढिगांनी येऊन पडतात. भरितासाठी वांगे पिकविण्याची जळगावात कोणास गरज नाही, हे आम्हीही जाणतो. पण ज्याने दिवाणखान्यातील सोफ्याचे वार्षिक उत्पन्न कधी काढले नाही, मुलाच्या लग्नातील फुलांच्या कमानीचा ताळेबंद कधी मांडला नाही, त्याने वांग्याच्या रोपाशीच तेवढे वाण्याचे नाते का जोडावे? संतारीचा रियाज करणाऱ्यास आपण दर तासाची मिळकत विचारीत नाही. मातीत हात घालणाऱ्यास मात्र विचारतो. कारण माती ही दुसऱ्यांनी आपल्यासाठी कसावयाची वस्तू आहे, असे आपण मनात कोठेतरी धरून बसलेलो असतो.

ज्यांस हिशेबावाचून गत्यंतर नाही, असे लोक निराळे आहेत. सरकारी अनुदान व बँकेचे कर्ज घेऊन ज्या शेतकऱ्यांनी शेतात पॉलिहाऊस व शेडनेट उभारले, त्यांस ढोबळी मिरचीचा, काकडीचा, जरबेराचा भाव रोज पाहावा लागतो. भाव पडला की हप्ता थकतो, आणि एका वादळी पावसात सारा कागद फाटून जातो. या महाराष्ट्रात असे अडचणीत आलेले कुटुंबप्रमुख थोडे नाहीत. त्यांचा जमाखर्च हा त्यांच्या जीवन-मरणाचा प्रश्न आहे. त्यांची भाषा आपण आपल्या आठ फुटी चौकटीस लावणे हे आम्हांस शोभत नाही. श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' चालवून थोड्या जागेत, घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यावर किती पिकविता येते हे दाखविले, तेही आकडे मोजीतच दाखविले. पण ते मोजीत ते पान, ऊन आणि मुळे. ते मोजणे कुतूहलाचे होते, आणि कुतूहलाचा हिशेब आम्हांस सर्वथा मान्य आहे.

तिसरा पक्ष नीतिवाद्यांचा. त्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो थट्टेवारी नेण्याची आमची इच्छा नाही. तो पक्ष म्हणतो : ज्या जिल्ह्यांत गावोगाव उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवितात, जेथे नळास रोज पाणी न येणे हा शहरातील गृहिणींचाही जुना अनुभव आहे, तेथे गच्चीवर फवारे उडवून शोभेची पाने ओली ठेवणे ही पापबुद्धी नव्हे काय? आमचे उत्तर असे की, होय, आहे. धुळ्याकडे वर्षाचा सरासरी पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास, जळगावकडे सातशेच्या. तोही चार महिन्यांत, आणि लहरीने पडणारा. या हवेत ऑर्किडसाठी धुके पाडणारी नळी बसविणाऱ्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण या आक्षेपाने हरितगृह खोटे ठरत नाही, काचघर खोटे ठरते. सावलीची जाळी पाण्याचा खर्च वाढवीत नाही, कमी करते. कारण ऊन व वारा अडला की कुंडीतील ओल अधिक टिकते.

पाण्याची नीती तर खानदेशास बाहेरून शिकावयाचीच नाही. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड बागायत पाहा. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, प्रत्येकाची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत, पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवावयाचा. म्हणजे तूट कोणा एकाच्या डोक्यावर न पडता सर्वांत वाटली जाई. हीच रीत घरास लावावी. आठवड्यात पाणी किती उरते हे प्रथम पाहावे आणि कुंड्या तेवढ्याच ठेवाव्या. उन्हाळ्यात निम्म्या कुंड्या रिकाम्या करून उलट्या घालाव्या. असे करण्यात कमीपणा कसला?

येथे एक गोष्ट पुरुष वाचकांच्या कानांवर घातल्यावाचून राहवत नाही. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि एखादी केळ डोलत असे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी जाई. तेलाच्या रिकाम्या डब्यात मोगरा असे, अंगणात तुळस असे, आणि वैशाखात महादेवाच्या पिंडीवर जशी गळती टांगतात तशी कोणी तुळशीवरही टांगीत. थेंबाथेंबाने पाणी देण्याची युक्ती आज जळगावच्या कारखान्यांतून नळ्यांच्या रूपाने देशभर जाते. तिची घरगुती आवृत्ती आमच्या आज्यांस ठाऊक होती. हे सर्व घरातील स्त्रिया बोलावाचून करीत आल्या; कोणी त्यास हरितगृह म्हटले नाही, कोणी त्याची चित्रे काढली नाहीत. आता गृहस्वामी निवृत्तीस टेकले, त्यांनी चौकट उभी केली, तेव्हा तो छंद झाला व त्यावर व्याख्याने होऊ लागली! नवशिक्यास उत्तम गुरू पाहिजे असेल तर तो बहुधा त्याच्या स्वयंपाकघरातच सापडेल.

असो. आता मूळ मुद्द्याकडे वळू. उत्पन्न नको, परदेशी फुले नकोत, पाणीही मोजके. मग या चौकटीत उरले काय? आम्ही म्हणतो, संतोष उरला. आणि तो नवशिक्यास जितका मिळतो तितका जाणत्यासही मिळत नाही.

आमच्यासारख्या माणसाचा विचार करा. पंचवीस-तीस वर्षे एकच विषय शिकविल्यावर तो जिकडे जातो तिकडे 'सर' असतो. त्याच्या मताची वाट पाहिली जाते; ठाऊक नाही, असे म्हणण्याची सवय जिभेस राहत नाही. अशा माणसाने वांग्याचे बी ट्रेमध्ये पेरले म्हणजे प्रथमच त्याची गाठ अशा विद्यार्थ्याशी पडते, की ज्यास त्याच्या हुद्द्याची वार्ताही नाही. आठवडाभराने दोन हिरवे कान वर येतात. त्या दिवशीचा आनंद अतिशयोक्तीचा असतो, हे घरातील सर्वांस दिसते. फक्त त्यास दिसत नाही. मग प्रेमाच्या भरात पाणी अधिक घातले गेले की रोपे मानेशी काळवंडून कोलमडतात. निव्वळ काळी माती भरली की कुंडीत ती वाळून विटेसारखी होते व भिजली की चिखल धरून बसते. तीत रेती व शेणखत मिसळावे लागते. कोरड्या उष्णतेत पानांच्या पाठीवर लाल कोळी येतो, तो डोळ्यांस चटकन दिसतही नाही. जाळी फार घट्ट लावली तर मधमाश्या आत येत नाहीत आणि दोडक्याची फुले नुसतीच गळतात. तेव्हा नरफूल कोणते, मादीफूल कोणते, मागे इवलेसे फळ असलेले कोणते, हे पाहून बारीक कुंचल्याने अथवा नरफूलच तोडून परागण करावे लागते. भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. पन्नास वर्षे दोडका खाऊन ज्यास हे कळले नव्हते, त्यास ते एके दिवशी कळते. या कळण्याची किंमत बाजारात कोण ठरविणार?

जाणत्या माळ्यास ही प्रत्येक गोष्ट काम असते. नवशिक्यास ती शोध असते. उपदेशकांची सर्व धडपड चालते ती हा नवशिकेपणा शक्य तितक्या लवकर संपविण्यासाठी : तयार माती घ्या, तयार रोपे घ्या, वेळापत्रकाने पाणी सोडणारे यंत्र घ्या, चूक होऊ देऊ नका. चुकण्यास जागाच ठेवली नाही तर शिकावयाचे कोठे? शेतकऱ्यास चूक परवडत नाही, ती घरच्या चौकटीत परवडते. तिचा सारा उपयोग तेवढ्यातच आहे.

आणखी एक धडा जळगावच्या केळीकडूनच घ्यावा. ऊतिसंवर्धनाची रोपे प्रयोगशाळेत बाटलीत जन्मतात. तेथून ती काही आठवडे हरितगृहात, मग काही आठवडे जाळीखाली राहतात आणि ऊन-वारा सोसण्यास सरावली म्हणजे शेतात जातात. या धंद्यात हरितगृह हा वाटेवरचा मुक्काम असतो, कायमचे घर नव्हे. घरीही तसेच असावे. जाळीखाली रोपे करावी, पाच-सहा आठवड्यांनी ती बाहेर काढावी, परसात लावावी, जागा नसेल तर शेजाऱ्यांस, विद्यार्थ्यांस, ओळखीच्या शेतकऱ्यास द्यावी आणि ट्रे पुन्हा पेरावा. ज्याचे हरितगृह सदैव भरलेले असते त्याच्याविषयी आम्हांस थोडी शंकाच येते.

कोणी म्हणेल, संतोषाचा हा उपदेश आळसाचा आहे. असंतोष असेल तरच मनुष्य पुढे जातो. राष्ट्राच्या बाबतीत, ज्ञानाच्या बाबतीत, अन्यायाच्या बाबतीत हे खरे आहे, आणि तेथे आम्ही त्या पक्षाचेच आहोत. परंतु माणसाच्या दिवसातील प्रत्येक तास उत्कर्षास गहाण टाकावा, सकाळची वीस मिनिटेसुद्धा सोडू नयेत, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? शिवाय कुंडीपुढे बसलेला मनुष्य आळशी असतो, हे विधान कुंडीपुढे कधीही न बसलेल्या मनुष्याचे दिसते.

घरगुती हरितगृहांची स्पर्धा भरवावी, सर्वांत मोठ्या फुलास व सर्वांत सुबक मांडणीस ढाल द्यावी, अशी एक सूचना अलीकडे एका मंडळीत आमच्या कानी आली. पेरलेल्या ट्रेशेजारी गुणपत्रक लटकविण्याची ही कल्पना आमच्यासारख्या परीक्षकी पेशातल्या माणसासही रुचत नाही. तरीही ती भरवावयाचीच असेल तर फेब्रुवारीत भरवू नये. तेव्हा खानदेशात काठीसही पालवी फुटते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भरवावी, परीक्षकांस दुपारी दोन वाजता गच्चीवर न्यावे, आणि ज्या चौकटीतून ते लवकर बाहेर यावयास तयार होणार नाहीत तिला ढाल द्यावी.